दाखला नको, दाखल व्हा



संयोजकांनी मला 'संमिश्र वारसा आणि साहित्य' असा विषय दिला आहे. विषय मोठा आहे, म्हणून मी एका लहान कागदापासून सुरुवात करते. हा माझा शाळा सोडल्याचा दाखला. दहावीनंतर हातात आला. त्यात नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण बरोबर आहे. पुढे एक रकाना आहे, मातृभाषा. तिथे कारकुनांनी लिहिलंय, उर्दू.

आमच्या घरात तेव्हा उर्दू कुणालाच येत नव्हती. अब्बा कोकणी मुसलमान, दाभोळच्या खाडीकाठचे. त्यांच्या घरची बोली कोकणी. आई साताऱ्याकडची, हिंदू घरातली. तिची भाषा मराठी. दोघांनी विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी लग्न केलं, कुणी कुणाचा धर्म बदलला नाही. मी मराठी शाळेत शिकले. मराठीत भांडले, मराठीतच पहिली कथा लिहिली. दाखला बघून अब्बा हसले. म्हणाले, "चला, घरात एकाला तरी उर्दू आली!" आई मात्र हसली नाही. ती तो कागद घेऊन शाळेत गेली आणि कारकुनांना म्हणाली, "मी हिची आई. माझी भाषा मराठी. मग हिची मातृभाषा उर्दू कशी?" कारकून बिचारे ओशाळले. म्हणाले, "बाई, नावावरून लिहिलं हो. मुद्दाम नाही." दुरुस्तीसाठी अर्ज करा, प्रतिज्ञापत्र आणा, असं सांगण्यात आलं. अकरावीच्या प्रवेशाची घाई होती. दुरुस्ती राहून गेली ती राहूनच गेली.

त्या कारकुनांवर माझा राग नाही. पण त्यांनी जे केलं, ते पुढे अनेकांनी माझ्याबाबत केलं. नाव वाचलं आणि उरलेला रकाना स्वतःच भरला. तुमच्यापैकी किती जणांना "अरे, तू मराठी किती छान बोलतोस!" असं कौतुक ऐकावं लागलंय? हात वर करू नका, मला दिसतंय. सोलापूरच्या, लातूरच्या, महाडच्या मुलाला तू मराठी छान बोलतोस असं म्हणणं म्हणजे माशाला तू छान पोहतोस म्हणण्यासारखं आहे. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण त्याने रकाना आधीच भरलेला असतो.

आमचं घर म्हणजे गंगाजमनी संस्कृतीचा देखावा होता, असं समजू नका. शीरखुर्मा होता, मोदक होते, फणसाच्या रसातली सांदणं होती, सगळं होतं. पण माझा मामा सहा वर्षं आमच्या घराची पायरी चढला नाही. साताऱ्याच्या आजीने मला जवळ घेतलं, मांडीवर निजवलं, आणि मी जेवलेलं ताट मात्र वेगळं घासायला ठेवलं. मला ते नऊ वर्षांची असताना कळलं. मावसबहिणीने सांगितलं, तेही सहज. कोकणातही वेगळं नव्हतं. दादी माझ्या केसांना तेल लावायची, आणि शेजारच्या बाया माझ्यादेखत तिला विचारायच्या, "पोरीच्या आईचा निकाह झाला होता का?" दादी म्हणायची, "तिचं डोकं दुखतंय, आता जा." निकाह झाला नव्हता, हे दादीला माहीत होतं. तिला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायचं धाडस नव्हतं. म्हणून माझं डोकं दुखायचं.

मी लिहायला लागले ती या दोन गोष्टींमुळे, ताट आणि डोकेदुखी. या दोन्ही माणसांनी माझ्यावर जीव लावला आणि दोघांनीही मला कुठेतरी बाहेर ठेवलं. हे एका वाक्यात कुणाला सांगितलं की ऐकणारा लगेच एका बाजूचा वकील होतो. गोष्ट लिहिली, तर आजी आजीच राहते आणि ताटही ताटच राहतं. गोष्टीचा हा उपयोग मला लवकर कळला.

पण छापायला लागल्यावर अडचण सुरू झाली. एका संपादकांनी फार प्रेमाने सुचवलं, आडनाव नको, नुसतं नाव ठेवू या, वाचक बिचकतात. दुसऱ्यांनी उलट सांगितलं, आडनाव ठळक हवं आणि कथा तलाकवर हवी. मी एका म्हाताऱ्या पोस्टमनची कथा पाठवली होती. ते म्हणाले, "हे कुणीही लिहील, तुम्ही तुमच्या समाजाचं लिहा." मग मी समाजाचं लिहिलं, दादीचं लिहिलं, त्या निकाहच्या प्रश्नाचं लिहिलं. तर आपल्याच माणसांचे फोन आले, "आधीच काय कमी बदनामी होतेय, त्यात तू भर घाल." एकाला माझ्याकडून मी वेगळी असल्याचा दाखला हवा होता, दुसऱ्याला मी आपली असल्याचा. पोस्टमन दोघांनाही नको होता.

मी काय केलं? मी दाखले गोळा करायला लागले. पंधरा-वीस वर्षं मी गावोगाव भाषणं केली. प्रत्येक भाषणात तीच यादी. सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफ हातात घेऊन रान पेटवणारे शाहीर अमर शेख. संतसाहित्याचे अभ्यासक यू. म. पठाण, जे 1990 साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. टाळ्या पडायच्या. मला बरं वाटायचं.

एकदा एका महाविद्यालयात भाषण संपल्यावर एक मुलगी भेटायला आली. सोळा-सतरा वर्षांची असेल. म्हणाली, "मॅडम, एक विचारू? हे सगळं तुम्ही कुणाला सांगत होता? आम्हाला सांगताय असं वाटलंच नाही." मी म्हटलं, "म्हणजे?" ती म्हणाली, "आम्ही इथलेच आहोत, हे आम्हाला माहितीये."

त्या रात्री एसटीत मला झोप लागली नाही. तिचं बरोबर होतं. समोर बसलेल्या मुलांशी मी बोलतच नव्हते. सभागृहात नसलेल्या एका अदृश्य कारकुनाशी मी बोलत होते. साहेब, बघा, शेख महंमद आमचे, अमर शेख आमचे, आता तरी तो रकाना दुरुस्त करा. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या संताला मी प्रतिज्ञापत्र म्हणून वापरत होते. आणि खरं सांगू? 'योगसंग्राम' तोवर मी पूर्ण वाचलेलाही नव्हता. दाखला दाखवायचा असतो, वाचायचा कुठे असतो!

मराठीत 'दाखला' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक कचेरीतला, जन्माचा, जातीचा, शाळा सोडल्याचा. दुसरा बोलण्यातला. 'दाखला देणे' म्हणजे उदाहरण देणे. पहिला दाखला शंका घेणाऱ्याला दाखवायचा असतो. दुसरा आपल्याला समजून घ्यायला लागतो, माणूस असाही जगला, अशीही अडचण आली, त्यातून त्याने अशी वाट काढली. मी माझी सगळी माणसं पहिल्या अर्थाने वापरली होती. मग ठरवलं, आता दुसऱ्या अर्थाने वाचायची.

शेख महंमदांपासून सुरुवात केली. परंपरा त्यांना चांद बोधल्यांचे शिष्य मानते, आणि चांद बोधले सूफी परंपरेतले. वारकऱ्यांनी शेख महंमदांना संत मानलं. मी शोधत होते ऐक्याचा गोड संदेश. सापडला एक कडक माणूस. ढोंगी गुरू, अंधश्रद्धा, कर्मकांड, कुणाचीच भीड न ठेवणारा, आणि स्वतःच्या मनाशी लढाई मांडणारा. पुस्तकाच्या नावातच संग्राम आहे. मी हिंदू की मुसलमान, याचं उत्तर देण्यात त्यांनी आयुष्य घालवलं नाही. त्यांना त्याहून मोठं काम होतं. आणि आज? त्यांच्या समाधीच्या जागेला मंदिर म्हणायचं की दर्गा, यावरून श्रीगोंद्यात वाद झाला. संताने मोकळा सोडलेला रकाना आपण भरायला बसलो.

मग अमर शेख. बार्शीचे, जन्म 1916. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. गाडीवर क्लीनर, मग गिरणी कामगार, मग लाल बावटा कलापथकात अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकरांच्या बरोबरीने शाहीर. त्यांना गाण्याचा वारसा मिळाला तो आईकडून, मुनेरबीकडून. हे वाचलं तेव्हा मी थांबले. मला माझी आई आठवली, शाळेच्या खिडकीसमोर उभी. मुनेरबीला कुणी विचारलं नव्हतं, तुझी मातृभाषा कोणती. तिच्या तोंडात मराठी लोकगीतं होती, मुलाने ती उचलली, आणि पुढे महाराष्ट्राने त्याचा आवाज उचलला. तो आवाज घडला तो घरात आणि गिरणीच्या दारात. दाखल्याची गरज कुठेच लागली नाही.

त्यांनी लग्न केलं ते हिंदू घरातल्या कुसुमताईंशी. त्यांची मुलगी म्हणजे कवयित्री मलिका अमर शेख. आता इथे माझी खरी परीक्षा होती. माझ्यासारखीच आंतरधर्मीय लग्नातून जन्मलेली, मराठीत लिहिणारी बाई. मी तिच्याकडे बहिणीकडे जावं तशी गेले. तिने काय दिलं? 1984 साली प्रसिद्ध झालेलं आत्मकथन, 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'. त्यात चळवळीने भारलेलं बालपण आहे, वडिलांचा अकाली मृत्यू आहे, नामदेव ढसाळांशी झालेलं लग्न आहे, आणि त्या संसारातली घुसमट आणि अपमान आहे. जात-धर्म ओलांडलेल्या, क्रांतीच्या गोष्टी करणाऱ्या घरातही बाईचे हाल होऊ शकतात, हे तिने कुणाचीही पर्वा न करता लिहिलं. तिला कुणाच्या भाषणातला दाखला व्हायचं नव्हतं. माझ्यासारख्या वक्त्याची तिने फार पंचाईत केली, आणि लेखिका म्हणून मला मोकळं केलं. मी आजीचं ताट कथेत लिहिलं ते हे पुस्तक वाचल्यानंतर. तोवर मला वाटायचं, हे लिहिलं तर आई-अब्बांच्या लग्नाला बोल लागेल.

तिसरे हमीद दलवाई. तुम्ही म्हणाल, त्यांच्याबद्दल आम्हाला काय सांगता. मुस्लिम सत्यशोधक मंडळ, 1966 सालचा सात स्त्रियांचा मोर्चा, सगळं पाठ आहे. बरोबर. पण कार्यकर्ते दलवाई जितके सांगितले जातात, तितके कथाकार दलवाई वाचले जात नाहीत. मोर्च्याच्या आधी पुस्तकं आली. 1961 साली 'लाट' हा कथासंग्रह, 1965 साली 'इंधन' ही कादंबरी. 'इंधन'चा निवेदक बऱ्याच वर्षांनी मुंबईहून कोकणातल्या आपल्या गावी येतो. माझ्या अब्बांच्या गावासारखंच ते गाव, खाडी, वाड्या, मोहल्ला. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिलेली माणसं, आणि तरी आत साठलेलं सरपण. हेवेदावे, जातींचे हिशेब, बायकांच्या अब्रूवरून पेटणारी डोकी. कोण चांगले आणि कोण वाईट, याची वाटणी दलवाई धर्माप्रमाणे करत नाहीत. एकत्र राहणं म्हणजे एकमेकांना ओळखणं नव्हे, हे ती कादंबरी दाखवते. दलवाईंनी पुढे आपल्याला जे प्रश्न विचारले, त्यांची मुळं या निरीक्षणात आहेत. आधी त्यांनी गाव नीट पाहिलं, मग गावाला बदल म्हणून सांगितलं. तुम्ही चळवळीतली मुलं आहात, म्हणून हे मुद्दाम सांगते. घोषणा द्यायच्या आधी बघायला शिका. साहित्य बघायला शिकवतं.

आता थोडं भाषेबद्दल. आपण मराठी शुद्ध आणि आपण तेवढे भेसळीचे, असा समज आपल्याकडेही असतो. चिटणीस, फडणीस, पोतनीस ही आडनावं घ्या. त्यातला 'नीस' म्हणजे फारसीतला 'नवीस', लिहिणारा. जिल्हा, तालुका, अर्ज, वकील, कागद, दुकान, जमीन, सगळे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने आले. शिवकाळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. काही रुजले, पुष्कळ जुने शब्द लोकांनी सोडले नाहीत. आजही शेतकरी जमिनीच्या कामासाठी तालुक्याला जातो आणि अर्ज करतो. संमिश्र वारसा माझ्या एकटीच्या घरातला नाही, तो या भाषेच्याच घरातला आहे. तुमच्यापैकी ज्यांचे आई-वडील दोघेही मुसलमान आहेत, त्यांच्याही घरात बघा. घरात दखनी, शाळेत मराठी, नमाजात अरबी, सिनेमात हिंदी, नोकरीसाठी इंग्रजी. यातली कुठली तुमची आणि कुठली उसनी?

1990 साल मी मघाशी सांगितलं. त्याच साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. म्हणजे एका मुसलमान अभ्यासकाला मराठी साहित्याच्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची मिळाली, आणि त्याच वर्षी मुसलमान लेखकांना वाटलं की आपलं वेगळं व्यासपीठ हवं. तरुणपणी मला यात विसंगती वाटायची. आता वाटत नाही. एका माणसाला खुर्ची मिळाली म्हणजे सगळ्यांच्या जगण्याला जागा मिळाली असं होत नाही. आणि वेगळ्या मांडवात बसलं म्हणजे मोठ्या मांडवावरचा हक्क सुटतो असंही नाही. दोन्हीकडे जा. आपल्या मांडवात घरातलं भांडण मांडा, मोठ्या मांडवात घर मांडा. फक्त घाबरून उलटं करू नका.

शेवटची गोष्ट. माझे आजोबा, दादीचे नवरे, जहाजावर खलाशी होते. त्यांची काही पत्रं अब्बांनी पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती. लिपी उर्दू. आजोबा गावच्या उर्दू शाळेत चार यत्ता शिकले होते. अब्बा मराठी शाळेत गेले, त्यांना ती वाचता येत नव्हती. मी चाळिशीत असताना एका शिक्षकांकडे उर्दू लिपी शिकले. अलिफ, बे, पे, लहान मुलांबरोबर बसून. वर्षभराने डबा उघडला आणि पहिलं पत्र वाचायला घेतलं. अक्षरं लागत होती, शब्द लागेनात. मला वाटलं, माझी उर्दू कच्ची. मग मोठ्याने वाचून पाहिलं, आणि शेजारी बसलेले अब्बा रडायला लागले. ती उर्दू नव्हतीच. अक्षरं उर्दू होती आणि भाषा आमच्या घरची कोकणी. आजोबांनी दादीला विचारलं होतं, पाऊस लागला का, छप्पर शाकारलं का, पोराचा खोकला कसा आहे.

सांगा, या पत्राची मातृभाषा कोणत्या रकान्यात लिहाल?

दाखल्यातली ती चूक मी आता दुरुस्त करणार नाही. आईने परवानगी दिली आहे. ती म्हणाली, "तेव्हा खोटं होतं म्हणून भांडले. आता तू शिकलीस, राहू दे." पण तिने एक अट घातली. आजोबांची पत्रं मी मराठीत उतरवून काढायची आणि तिला वाचून दाखवायची. सध्या ते काम चालू आहे.

तुमच्यासाठीही एक काम आहे. घरी जाल तेव्हा दादी-नानीकडे, आजीकडे, जे कुणी थोरलं असेल त्यांच्याकडे बसा. त्या बोलतात तसे शब्द लिहून घ्या, आपल्या पुस्तकी मराठीत सुधारून नका लिहू. घरात जे बोललं जात नाही, त्याचंही एक पान लिहा. आणि मी नाव घेतलेल्या पुस्तकांपैकी एक तरी वाचा, भाषणात वापरायला नव्हे. पुढच्या शिबिरात मी तुमची भाषणं ऐकणार नाही, ती पानं ऐकणार आहे.

'दाखला' हा शब्द ज्या अरबी धातूतून आला, त्याचा मूळ अर्थ आहे आत येणं. त्यातूनच आपण म्हणतो, दाखल होणे. या भाषेत, या साहित्यात आत यायला तुम्हाला कुणाचा कागद लागत नाही. मुनेरबीला लागला नाही, माझ्या आजोबांना लागला नाही. दारात उभं राहून दाखले दाखवण्यात माझी वीस वर्षं गेली. तुमची जाऊ देऊ नका. दाखल व्हा.